हमीदाबानू पैलवान : एका वादग्रस्त कर्तृत्वाचा हिशेब



तालीम हा शब्द आपण रोज दोन अर्थांनी वापरतो. घरात उर्दू बोलताना तालीम म्हणजे शिक्षण. घराबाहेर पडून कोल्हापूरच्या कोणत्याही पेठेत गेलो की तालीम म्हणजे लाल माती, जोर-बैठका, खुराक आणि वस्तादाची करडी नजर. एकाच अरबी शब्दाचे हे दोन अर्थ आपल्या करवीर नगरीत शेजारी-शेजारी नांदतात. राजर्षी शाहू महाराजांनी तर दोन्ही तालमींना आश्रय दिला. १९०६ साली त्यांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, आणि १९१२ साली त्यांच्याच कृपेने खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. त्या मैदानाच्या उद्‌घाटनाची मोठी कुस्ती जगज्जेत्या गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या दोन मल्लांमध्ये झाली, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल.

अशा या कुस्तीच्या पंढरीत पुढे एका मुसलमान पैलवानावर दगड पडले. तो पैलवान हरला म्हणून नव्हे, तर जिंकला म्हणून. आणि तो पैलवान पुरुष नव्हता, स्त्री होती. तिचे नाव हमीदाबानू. आपल्या समाजात आजही त्यांचे नाव निघाले की दोन तट पडतात. कोणी म्हणतो, बाईने मर्दांशी कुस्ती खेळणे हीच बेअदबी. कोणी म्हणतो, ती सारी पैसे उकळण्याची नुरा कुस्ती होती. कोणी अभिमानाने त्यांना देशातील पहिली महिला पैलवान म्हणतो. त्या जाऊन आता चाळीस वर्षे होत आली. इतक्या काळानंतर तरी त्यांच्या आयुष्याचा हिशेब शांत डोक्याने मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हमीदाबानू मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या. घराणे पैलवानांचे. त्यामुळे लहानपणापासून कानावर शब्द पडत ते डावांचे आणि खुराकाचे. पुढे त्या अलीगढला सलाम पैलवान नावाच्या वस्तादाकडे आल्या आणि त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. अलीगढ हे नाव आपण सर सय्यद अहमद खानांच्या विद्यापीठामुळे ओळखतो. हमीदाबानूंनी तिथे दुसरी तालीम घेतली, आणि वर्तमानपत्रांनी त्यांना अलीगढची वीरांगना ठरवून टाकले.

आता त्या काळाचा विचार करा. १९४०-५० चे दशक. कुस्तीच्या तालमीत मुलीने पाऊल ठेवायचे नाही, हा सर्वत्र पाळला जाणारा नियम होता. जिथे मुलीच नाहीत तिथे मुलींची जोड कुठून मिळणार? त्यामुळे हमीदाबानूंना लढायचे तर पुरुषांशीच लढावे लागे. त्यांची उंची सव्वापाच फूट आणि वजन १०८ किलो. दिवसातून सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप. त्यांचा रोजचा खुराक त्या काळी वर्तमानपत्रांतून मोठ्या चवीने छापला जाई. साडेपाच लिटरांहून अधिक दूध, पावणेतीन लिटर सूप, पावणेदोन लिटरांवर फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, बदाम, जवळजवळ अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि दोन थाळ्या बिर्याणी. यातले किती खरे आणि किती मीठ-मसाला लावलेले, हा वाद करता येईल. पण सहा तासांची मेहनत केल्याशिवाय तसे शरीर तयार होत नाही आणि टिकतही नाही, हे तालमीत चार दिवस गेलेला कोणीही सांगेल.

१९४४ साली मुंबईत त्यांची कुस्ती नामांकित गुंगा पैलवानाशी ठरली. सुमारे वीस हजार लोक जमले. ऐनवेळी गुंगाने जादा पैसे आणि जादा मुदत मागितली आणि कुस्ती मोडली. चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. या प्रसंगी माघार हमीदाबानूंनी घेतली नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिचा उपयोग आपल्याला पुढे होणार आहे.

त्यांच्या कीर्तीचा कळस झाला तो १९५४ साली. फेब्रुवारी महिन्यात त्यांच्या नावाने एक आव्हान प्रसिद्ध झाले, की जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्यानंतर पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक अशा दोन मल्लांना त्यांनी चीत केले. मे महिन्यात त्या बडोद्याला आल्या. शहरभर जाहिरातींचे फलक फिरले. तिथे छोटे गामा नावाचा मल्ल त्यांच्याशी लढणार होता. त्यानेही अखेरच्या क्षणी अंग काढून घेतले. मग बाबा पैलवान उभा राहिला आणि १ मिनिट ३४ सेकंदांत कुस्ती निकाली झाली. आजवर आपण तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्या, असा त्यांचा तेव्हा दावा होता. त्याच वर्षी मुंबईत त्यांची गाठ व्हेरा चिस्टिलिन या रशियन स्त्री मल्लाशी पडली. तिलाही त्यांनी एका मिनिटाच्या आत आस्मान दाखविले. स्त्रीची जोड मिळाली तेव्हा त्या स्त्रीशीही लढल्या, हे यावरून स्पष्ट होते.

वाचकहो, आता वादाकडे वळू. हमीदाबानूंवर मुख्य आक्षेप तीन आहेत. एकेक तपासून पाहू.

पहिला आक्षेप, बाईने पुरुषाशी लढावेच का? याचे एक उत्तर वर आले आहे. स्त्रियांची रीतसर कुस्ती त्या काळी जगातच नव्हती. स्त्रियांच्या कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली भरली आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना कुस्तीचे दार उघडले ते २००४ साली अथेन्सला. हमीदाबानू १९८६ साली वारल्या. म्हणजे ज्या मैदानावर त्यांचा खरा हक्क होता ते मैदान त्यांच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षी तयार झाले. ज्याला शाळाच मिळाली नाही त्याने दुसऱ्याच्या शाळेच्या खिडकीतून धडा ऐकला, तर दोष त्याला द्यायचा की शाळा न काढणाऱ्यांना? कोणाला ती लढत आपल्या रीतीरिवाजाला सोडून वाटेल. ज्याचे मत त्याच्यापाशी. पण मत नापसंतीचे असले तरी मेहनतीला मेहनत म्हणण्याचा प्रामाणिकपणा आपण ठेवला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुस्त्या ठरवून होत, असे म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती तिथल्या कुस्तीगीरांच्या संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. मुंबई राज्यात त्यांच्या कुस्त्यांना बंदी झाली तेव्हा त्यांनी थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. मोरारजींनी कळविले की बंदी त्या स्त्री आहेत म्हणून घातलेली नाही. मैदाने भरविणारे लोक त्यांच्यासमोर नकली प्रतिस्पर्धी उभे करतात, अशा तक्रारी आल्या आहेत. त्या वारल्यानंतर वर्षभराने, १९८७ साली, दिल्लीविषयीचे एक पुस्तक महेश्वर दयाळ यांनी लिहिले. त्यातही, हमीदा पुरुषांसारखीच लढे, पण आतून समझोता असतो असे लोक म्हणत, अशी दोन्ही बाजूंची नोंद आहे.

आपण कोल्हापूरकर. खासबागेत दोन तुल्यबळ मल्लांची कुस्ती तास तास चाललेली आणि शेवटी बरोबरीत सुटलेली पाहणारे. तेव्हा दीड मिनिटाची कुस्ती ऐकली की आपल्या भुवया वर जाणारच. परंतु दीड मिनिटात कुस्ती संपली याचा अर्थ जोड विजोड होती, एवढाच निघतो. जोड कोण ठरवितो? पैलवान नव्हे, मैदान भरविणारा ठेकेदार. तिकिटे तो विकतो, फलक तो लावतो, गल्ला त्याच्या पेटीत जातो. मोरारजींच्या उत्तरातही बोट होते ते ठेकेदारांकडे. शिवाय ज्याचे सगळेच प्रतिस्पर्धी भाड्याचे, त्याच्यासमोरून गुंगा पैलवान किंवा छोटे गामा माघार कशाला घेतील? सगळ्या कुस्त्या खऱ्या होत्या असे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही; सगळ्या खोट्या होत्या असे म्हणायला तर त्याहून कमी आहे. ठेकेदाराच्या हिशेबातला खोट पैलवानाच्या नावावर टाकणे न्यायाचे नाही.

आणखी एक गोष्ट. त्याच १९५० च्या दशकात मुंबईच्या मैदानांवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढती तिकिटे लावून होत. त्या लढतींतही जाहिरातबाजी आणि नाटकीपणा कमी नव्हता. पण लोकांनी दारासिंगांना डोक्यावर घेतले. ते पडद्यावरचे नायक झाले, २००३ साली राज्यसभेत गेले, आणि तो मान त्यांना शोभलाही. एकाच बाजारात दोघांनी पाय ठेवला. पुरुषाच्या बाबतीत ज्याला आपण करमणूक म्हटले, त्याला स्त्रीच्या बाबतीत फसवणूक म्हणालो. मापे दोन असली की तराजू कितीही चांगला असून उपयोग नाही.

तिसरा आक्षेप लग्नाच्या पैजेचा. इथे मात्र समर्थन करू नये असे मला वाटते. निकाह हा दोन माणसांच्या राजीखुशीचा करार आहे. तो कुस्तीच्या इनामासारखा फलकावर लावण्याची वस्तू नव्हे. त्या पैजेने गर्दी खेचली, पण हमीदाबानूंच्या मेहनतीला तमाशाचे रूप दिले. लोक त्यांचा डाव पाहण्याऐवजी बाईची फजिती पाहायला येऊ लागले. कर्तबगार माणसाने आपल्या गुणाची किंमत कमी करणारी जाहिरात स्वीकारली की पुढे गुणाबद्दलच शंका घेतली जाते. विद्यार्थी मित्रहो, हा धडा फक्त पैलवानांसाठी नाही.

आता कोल्हापूरच्या दगडांविषयी. इथे त्यांनी एका पंजाबी मल्लाला हरविले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगडफेक झाली आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. हे दगड धर्मावर पडले नव्हते. ज्या गावाने इमामबक्षाला खांद्यावर घेतले ते गाव मुसलमान मल्लाला पाण्यात पाहणारे नव्हते. दगड पडले ते मर्दानगीच्या दुखावलेल्या अभिमानातून. पुरुषाने पुरुषाला पाडले तर हलगी वाजते. बाईने पाडले तर दगड हातात येतो. ही आपल्या गावची गोष्ट आहे, म्हणून ती झाकून ठेवू नये. गावावर प्रेम असणाऱ्याने ती सांगितलीच पाहिजे.

पालकहो, हमीदाबानूंच्या आयुष्याचा यापुढचा भाग आखाड्याबाहेरचा आहे, आणि माझ्या मते खरा विचार करायचा तो याच भागाचा. १९५४ साली त्यांनी युरोपात जाऊन लढण्याचा मनोदय जाहीर केला. त्यानंतर त्या कुस्तीच्या मैदानातून एकाएकी दिसेनाशा झाल्या. मैदानात त्यांना कोणी हरविले नव्हते. मग झाले काय? त्यांच्या नातवाने आणि कल्याणच्या एका शेजाऱ्याने पुढे वृत्तपत्रांजवळ सांगितलेली हकीकत अशी, की त्यांनी युरोपला जावे हे सलाम पैलवानांना मान्य नव्हते. जाणे थांबविण्यासाठी त्यांना काठ्यांनी मारहाण झाली, त्यात हाडे मोडली आणि पुढे कित्येक वर्षे त्या लाठीच्या आधाराशिवाय नीट चालू शकत नव्हत्या. तीनशे कुस्त्यांत जे कोणाला जमले नाही ते घरच्या काठीने केले, असा या हकिकतीचा अर्थ होतो.

ज्याने डाव शिकविले त्याच्याच हाती कुस्त्या ठरविणे होते, पैसा होता आणि परवानगीही होती. वस्तादाचा आदर आपल्या संस्कृतीत आईबापांच्या बरोबरीचा आहे, आणि तो असावाच. पण आदर आणि मालकी यांत फरक आहे. शागिर्दाचे हातपाय ही वस्तादाची मिळकत नव्हे, आणि मुलीचे भवितव्य ही बापाची, भावाची किंवा नवऱ्याची मिळकत नव्हे.

कल्याणला त्यांनी दुधाचा धंदा केला. जागा भाड्याने देऊन काही दिवस निभावले. सलाम पैलवान पुढे अलीगढला परतले, हमीदाबानू कल्याणलाच राहिल्या. पैसा आटला तेव्हा घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकले. एकेकाळी ज्यांच्या नावावर वीस हजार लोक जमत त्यांचे अखेरचे दिवस असे गेले. १९८६ साली त्या वारल्या. दूध विकणे किंवा पदार्थ विकणे यात कमीपणा मुळीच नाही. कष्टाची भाकर ती कष्टाची भाकर. लाज वाटायची ती आपल्याला, की ज्यांच्या जिवावर इतके गल्ले भरले त्यांच्या म्हातारपणाची तजवीज कोणी केली नाही.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्यांना ही गोष्ट अधिक समजावून सांगायला नको. इथल्या फौंड्रीत भट्टीसमोर पाळी करणाऱ्याला ठाऊक असते, की अंगात ताकद आहे तोवर ठेकेदार नावाने हाक मारतो. पण हजेरीपटावर नाव नसेल, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक नसेल, तर हात भाजल्या दिवशी तोच ठेकेदार ओळख देत नाही. हमीदाबानूंचे नाव देशभरच्या फलकांवर होते, पण भविष्याची तरतूद करणाऱ्या कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. कसब त्यांचे होते. कसबाचा करार दुसऱ्याच्या खिशात होता.

म्हणून तर मला दोन्ही तालमींची सांगड घालावीशी वाटते. अंगातली किंवा बोटांतली कला माणसाला उभे करते. हिशेब समजणे, कागद वाचून सही करणे, आपल्या कमाईचे पुस्तक आपल्या नावावर ठेवणे, आणि नाही म्हणायची वेळ आली तर कोणाकडे दाद मागायची हे ठाऊक असणे, ही दुसरी तालीम माणसाला उभे ठेवते. हमीदाबानूंनी मुख्यमंत्र्यांपर्यंत दाद मागितली, यावरून त्या भोळ्या किंवा भित्र्या नव्हत्या हे उघड आहे. पण मुख्यमंत्र्यांकडे नेता येते ती सरकारने घातलेल्या बंदीची तक्रार. उंबरठ्याच्या आतली बंदी कोणाकडे न्यायची? तिथे मुलीच्या पाठीशी उभे राहण्याचे काम घराला आणि समाजाला करावे लागते.

काळ मात्र थांबला नाही. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिकने कुस्तीत कांस्यपदक मिळविले आणि ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री मल्ल ठरली. २०२३ च्या मार्चमध्ये आपल्या शेजारी सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. सांगलीची प्रतीक्षा बागडी विजयी झाली. अंतिम फेरीत तिच्यासमोर उभी होती वैष्णवी पाटील, आणि ती कुठली? कल्याणची. ज्या कल्याणात हमीदाबानू लाठी टेकत चालल्या, त्याच गावची मुलगी राज्याच्या अंतिम कुस्तीत उतरली. हलगी वाजली, टाळ्या पडल्या, आणि दगड कोणीही उचलला नाही. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर हमीदाबानूंचे चित्र लावले, तेव्हा आपल्यापैकी अनेक मुलांनी हे नाव प्रथमच वाचले असेल.

मग हिशेब काय निघतो? हमीदाबानू कसबी मल्ल होत्या, ही जमेची बाजू कायम. काही लढती ठेकेदारांनी बिघडविल्या असतील, हा संशयही नोंदवून ठेवावा. लग्नाची पैज चुकीची होती. आणि खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठी रक्कम आहे ती आपल्या समाजाची. आपण त्यांचे सामने पाहिले, त्यांच्यावर वाद घातले, त्यांच्यावर दगडही टाकले. पण त्या युरोपला जायला निघाल्या तेव्हा त्यांच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही.

पालकहो, तुमची मुलगी उद्या कुस्ती मागेल असे नाही. ती शिवणयंत्र मागेल, आय.टी.आय.चा अर्ज मागेल, नर्सिंगला किंवा इंजिनिअरिंगला जाईन म्हणेल, स्पर्धेसाठी परगावी जायचे आहे म्हणेल. तिला नाही म्हणण्याआधी कारण तिच्यासमोर बसून सांगा, आणि तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्या. कारण पटण्यासारखे नसेल तर नकारच मागे घ्या. तिच्या नावाचे बँकेचे पुस्तक आणि तिची प्रमाणपत्रे तिच्याच पेटीत राहू द्या.

आणि मुलींनो, तुम्ही मेहनत करा. तुमची जोड कोण ठरवितो, तुमच्या नावावर तिकिटे कोण विकतो, याकडेही डोळे उघडे ठेवून पाहा. दोन्ही तालमी पक्क्या करा, म्हणजे हमीदाबानूंना जो प्रवास करू दिला नाही तो तुम्हाला करता येईल.